शंका-समाधान : मिक्सरचं फर्मवेअर बदलताना ड्रायव्हरने काय करावं

या महिन्यात कुडाळहून एक लांबलचक पत्र आलं आणि त्याच विषयाला चिकटलेली आणखी चार पत्रं रत्नागिरी, मालवण, दापोली आणि देवगडहून आली. म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त ऑडिओ यंत्रांच्या फर्मवेअरबद्दल, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल लिहिते आहे. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला अशा यंत्राशी बोलू देणारे प्रोग्रॅम, लिहिण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. आता वेंगुर्ल्यात बसून दुरुस्तीचं आणि सल्ल्याचं काम करते. टेबलावर येणारी मेलेली मिक्सर आणि साऊंड कार्डं बघून एक गोष्ट मला फार जवळची झाली आहे: अपडेट अर्ध्यावर राहिलं म्हणून यंत्र निकामी होणं हा नशिबाचा भाग नसतो. कोणीतरी इंटरफेस तसा ठेवलेला असतो, म्हणून ते होतं.

प्रश्न : कुडाळ एमआयडीसीत आम्ही चार मित्र मिळून आठ चॅनेलचा यूएसबी मिक्सर तयार करतो. गिऱ्हाईक म्हणजे डबलबारीची भजनी मंडळं, दशावताराच्या कंपन्या, गणपतीत काही मंडळं. आत एक मायक्रोकंट्रोलर आणि एक डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) आहे. आमचे इफेक्ट नेहमीच्या यूएसबी ऑडिओ क्लासमध्ये बसत नाहीत, त्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर मी स्वतः लिहितोय. फर्मवेअर अपडेटसाठी तीन आयऑक्टल (अॅपने ड्रायव्हरला थेट द्यायचे हुकूम) द्यायचं ठरवलंय: ‘हा सेक्टर पूस’, ‘या पत्त्यावर एवढे बाइट लिही’ आणि ‘रिसेट कर’. बाकी सगळं डोकं अॅपमध्ये. ड्रायव्हर छोटा राहील. चालेल ना ताई?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही, असं करू नका. ड्रायव्हर छोटा ठेवायची तुमची इच्छा मला पटते, पण तुम्ही वाचवलेल्या ओळींची किंमत शेवटी मिक्सर भरेल.

या तीन आयऑक्टलचा अर्थ काय होतो ते बघा. कोणता सेक्टर आधी पुसायचा, बूटलोडरला (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) हात लावायचा नाही, सगळं लिहून तपासल्याशिवाय रिसेट द्यायचा नाही, हे सारं ज्ञान ड्रायव्हरच्या बाहेर गेलं. आता ते अॅप मधेच कोसळलं, कोणी टास्क मॅनेजरमधून बंद केलं, दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती कोणाच्या लॅपटॉपवर राहिली, किंवा उत्साही कोणी स्वतःची स्क्रिप्ट लिहिली, की तुमच्या ड्रायव्हरला काहीच कळणार नाही. तो सांगितलेला सेक्टर निमूट पुसेल. फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी फर्मवेअर जपणारी मेमरी, तिचा स्वभावही लक्षात घ्या. सेक्टर म्हणजे तिचा एकदम पुसला जाणारा तुकडा. पुसलं की सगळे बिट १ होतात आणि लिहिताना फक्त १ चं ० करता येतं. जुनं परत आणायचा मार्ग उरत नाही. पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात यंत्राकडे काहीच नसतं.

दुसरी गोष्ट परवानगीची. लिनक्सच्या आवाजव्यवस्थेची, म्हणजे आल्साची, साधनं ‘स्लॅश डेव्ह स्लॅश एसएनडी’ खाली दिसतात. ऑडिओ गटातल्या आणि समोर लॉगइन करून बसलेल्या माणसाला ती उघडता येतात, आणि तसंच हवं, नाहीतर गाणं ऐकायलाही पासवर्ड लागेल. तुमचे आयऑक्टल त्याच नोडवर बसले, तर ज्याला आवाज ऐकायची परवानगी आहे त्याला मिक्सरची फ्लॅश कोरी करायचीही परवानगी मिळाली. ब्राउझरमधून घुसलेल्या एखाद्या वाईट प्रोग्रॅमलाही मिळाली. या दोन परवानग्या कधीच एक नसाव्यात. पुसणारं आणि लिहिणारं जे काही असेल ते फक्त प्रशासकाच्या हक्कानेच चालावं, आणि ती तपासणी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात व्हावी, अॅपमध्ये नाही.

मग द्यायचं काय? एकच क्रिया: ‘ही पूर्ण फाइल घे आणि अपडेट कर.’ सोबत ‘कुठवर आलंय’ आणि ‘काय बिघडलं’ हे विचारायची सोय, आणि शक्य असेल तोवर थांबवायची सोय. पत्ता, सेक्टर, रिसेट हे शब्दच बाहेरच्या प्रोग्रॅमला माहीत असायचं कारण नाही.

हे तुम्हाला शून्यापासून बांधावंही लागणार नाही. लिनक्स ५.१९ पासून, म्हणजे २०२२ पासून, कर्नलच्या फर्मवेअर लोडरमध्ये ‘फर्मवेअर अपलोड’ नावाची सोय आहे. ड्रायव्हरने नोंदणी केली की सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल फाइलींच्या रूपात दाखवतो त्या माहितीत, फर्मवेअर वर्गाखाली तुमच्या यंत्राचा फोल्डर तयार होतो. त्यात लोडिंग, डेटा, स्टेटस, एरर, रिमेनिंग साइझ आणि कॅन्सल अशा फाइली मिळतात. लोडिंगमध्ये १ लिहायचा, डेटामध्ये पूर्ण इमेज, म्हणजे फर्मवेअरची फाइल, ओतायची, लोडिंगमध्ये ० लिहायचा. त्यानंतर काम कर्नलच्या आतल्या वर्कर थ्रेडकडे जातं, त्यामुळे अॅप बंद पडलं तरी चालू अपडेट तुटत नाही. दुसऱ्याने त्याच वेळी अपडेट सुरू करायचा प्रयत्न केला तर त्याला ‘बिझी’ मिळतं. स्टेटसमध्ये तयारी, पाठवणी, प्रोग्रॅमिंग असे टप्पे दिसतात. एररमध्ये कोणत्या टप्प्यावर काय झालं तेही कळतं: वेळ संपली, यंत्र कामात होतं, फाइलचा आकार चुकीचा, फर्मवेअर अवैध, अगदी फ्लॅश झिजली इथपर्यंत. तुमच्या मदतकेंद्रावर फोन येईल तेव्हा ‘अपडेट फेल्ड’ या दोन शब्दांपेक्षा हे किती उपयोगी पडेल, विचार करा.

ड्रायव्हरला चार फंक्शन द्यावीच लागतात: प्रिपेअर, राइट, पोल कम्प्लीट आणि कॅन्सल. पाचवं, क्लीनअप, ऐच्छिक आहे, पण द्याच. प्रिपेअर यशस्वी झालं असेल तर शेवट चांगला होवो वा वाईट, क्लीनअप बोलावलं जातंच. म्हणून जे जे धरून ठेवाल ते सोडायची जागा तीच.

सगळ्यात जास्त मेहनत प्रिपेअरवर करा. फ्लॅशला पहिला स्पर्श होण्याआधी नकार देता येईल ती प्रत्येक गोष्ट इथे तपासायची. फाइलचा आकार कमाल मर्यादेत आहे का. हेडरमधली ओळख तुमच्याच मिक्सरची आहे का, आणि त्याच हार्डवेअर आवृत्तीची आहे का. आठ चॅनेलच्या यंत्रात चार चॅनेलचं फर्मवेअर गेल्याने मेलेली यंत्रं मी पाहिली आहेत. त्यांत फाइल निर्दोष होती, फक्त भलत्या घरी गेली होती. हेडरमधल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवू नका. ऑफसेट आणि लांबी यांची बेरीज ३२ बिटांत मावते का तेही बघा, कारण मावली नाही तर ती गुंडाळून लहान आकडा होतो आणि तुमची मर्यादेची तपासणी खुशाल पास होते.

आणि एकदा तपासलेली प्रत हीच लिहायची प्रत असली पाहिजे. काही जण अॅपच्या मेमरीतली इमेज तपासतात आणि लिहिताना तीच मेमरी पुन्हा वाचतात. मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने ती बदलली तर तपासणीला अर्थ उरत नाही. आधी कर्नलच्या बफरमध्ये आणा, मग तपासा, मग तिथूनच लिहा. फर्मवेअर अपलोडच्या सोयीत प्रत कर्नलकडे असते, त्यामुळे ही काळजी आपोआप मिटते.

आता ऑडिओचा खास भाग. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला याची चिंता नसते, आपल्याला असते. अपडेट सुरू करताना एखादा पीसीएम स्ट्रीम, म्हणजे आवाजाचा चालू प्रवाह, उघडा असेल तर ‘यंत्र कामात आहे’ म्हणून परत पाठवा, जबरदस्तीने बंद करू नका. कुठल्या तरी देवळासमोर त्या स्ट्रीमवर नाटक चालू असेल. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: अपडेट चालू असताना कोणी स्ट्रीम उघडू लागला तर त्याला ‘बिझी’ मिळायला हवं. हे दोन्ही निर्णय एकाच लॉकखाली, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली घ्या, नाहीतर दोघांनाही एकाच क्षणी ‘जा पुढे’ असं उत्तर मिळेल. पण तो लॉक पूर्ण अपडेटभर धरून बसू नका. लॉकखाली फक्त ‘अपडेट चालू’ ही खूण लावा आणि लॉक सोडा. पुसायला वेळ लागतो. मोठी फ्लॅश चिप पूर्ण पुसायची तर कित्येक सेकंद जातात. तेवढा वेळ व्हॉल्यूम विचारणारा साधा प्रोग्रॅम अडकून राहिला तर माणूस वैतागून केबल उपटतो. एखादी प्रोसेस न उठता १२० सेकंद अडकली तर कर्नलही डीफॉल्टने लॉगमध्ये तक्रार नोंदवतो.

पुसण्याआधी आउटपुट म्यूट करा, आणि ते शक्यतो हार्डवेअरच्या रिलेनेच. डीएसपी रिसेट होताना त्याच्या आउटपुटवर काय येईल याची खात्री देता येत नाही. मोठा ठोका येऊ शकतो, डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब, बसू शकतो. पुढे अॅम्प्लिफायर चालू असेल तर तो ठोका हॉर्नच्या डायफ्रॅमवर आणि समोर बसलेल्यांच्या कानांवर जातो. तुमच्या गिऱ्हाइकांच्या बैठकीत पखवाजवाला हॉर्नपासून हाताच्या अंतरावर बसलेला असतो. नवीन फर्मवेअर उठल्यावर गेन आधी होते तिथे परत न्या आणि मगच म्यूट काढा. जुनी मूल्यं नव्या फर्मवेअरला समजणार नसतील तर किमान पातळीवर ठेवा. मूल्यांचा अर्थ दोन आवृत्त्यांत बदलला असेल तर तीच संख्या नव्या आवृत्तीत कितीतरी मोठा आवाज होऊ शकते.

वीज आणि झोप. लिनक्स यूएसबी यंत्राला फावल्या वेळात झोपवू शकतो, म्हणून अपडेटभर ऑटोपीएमचा, म्हणजे ही आपोआप झोप सांभाळणाऱ्या सोयीचा, संदर्भ धरून ठेवा. पण लॅपटॉपचं झाकण बंद केलं की होते ती झोप वेगळी. इथे एक खाचखळगा आहे तो नीट वाचा. ‘सस्पेंड कॉलबॅकमधून, म्हणजे झोपेआधी बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून, एरर परत केली की झोप रद्द होईल’ असं पुष्कळ जण धरून चालतात. यूएसबीच्या बाबतीत पूर्ण सिस्टीम झोपत असताना कर्नल ती एरर विचारातच घेत नाही. त्यासाठी पीएम नोटिफायर, म्हणजे झोपेची आगाऊ सूचना घेणारं फंक्शन, नोंदवून झोपेच्या तयारीच्या टप्प्यावरच नकार द्यावा लागतो. शिवाय अपडेट करणाऱ्या अॅपने सिस्टमडीकडून, म्हणजे लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडून, झोप रोखून धरावी. दोन्ही करा.

केबल उपटली जाईलच, हे गृहीत धरूनच लिहा. डिस्कनेक्टमध्ये अपलोडची नोंदणी काढताना चालू वर्कर थांबला आहे याची खात्री हवी, आणि त्याच्या हातातली रचना तो संपेपर्यंत मोकळी करायची नाही. कॅन्सलचं म्हणाल तर तयारीच्या टप्प्यात तो निर्धास्त द्या, पाठवणीत देता आला तर द्या, पण नवी इमेज चालू करायचा शेवटचा हुकूम सुटल्यावर कॅन्सलने काही करू नये. तिथे थांबवण्यापेक्षा पूर्ण होऊ देणं सुरक्षित.

तुम्हाला अजूनही आयऑक्टलच हवा असेल, जुन्या कर्नलसाठी वगैरे, तर निदान एवढं पाळा. रचनेतली सगळी फील्ड ठरावीक रुंदीची ठेवा, पॉइंटर आणि लाँग नकोत. ६४ बिटांचं फील्ड आठाच्या पटीवरच येईल अशी भर स्वतः घाला, कारण ३२ बिट इंटेलवर ते चाराच्या पटीवर बसतं आणि ३२ बिटांचं अॅप ६४ बिटांच्या कर्नलशी बोलताना रचना सरकते. राखीव फील्ड शून्य नसतील तर नकार द्या, म्हणजे पुढे त्यांना अर्थ देता येईल. आल्साच्या एचडब्ल्यूडेप या यंत्राच्या खास कामांसाठीच्या इंटरफेसमध्ये डीएसपी लोड नावाचा तयार आयऑक्टल आहे. तो चालू सत्रापुरता कोड डीएसपीच्या रॅममध्ये भरायला चांगला आहे, फ्लॅशवर कायमचं लिहायला वापरू नका.

आणि तुमच्या जागी मी असते तर याआधी एक गोष्ट केली असती. मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर यूएसबी डीएफयूच्या, म्हणजे यूएसबीवरून फर्मवेअर बदलायच्या प्रमाणित पद्धतीच्या, हवाली केलं असतं. डीएफयू १.१ हे प्रमाण २००४ पासून आहे. त्या मोडमध्ये यंत्र ऑडिओ यंत्र म्हणून दिसणंच बंद होतं, त्यामुळे स्ट्रीमशी भांडण उरत नाही. पुढचा प्रश्न किती मिलिसेकंदांनी विचारायचा हे यंत्र स्वतः सांगतं, म्हणून पुसण्याच्या वेळेचा अंदाज बांधावा लागत नाही. लिनक्सवर एफडब्ल्यूअपडी आणि डीएफयू-युटिल या दोन्ही अपडेट प्रोग्रॅमांना ते येतं. मग तुमच्या ड्रायव्हरकडे फक्त डीएसपीचं काम उरेल. ड्रायव्हर छोटा ठेवायचा हाच योग्य मार्ग आहे.

प्रश्न : इमेजला सीआरसी-३२ लावलं आहे. डिजिटल सही पण लागेल का? आमचा प्रकल्प कॉलेजपुरताच आहे, हेडफोन अॅम्प्लिफायरचा.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : सीआरसी, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा, ठेव, पण ते कशासाठी आहे ते ओळखून ठेव. केबल हलली, डाउनलोड अर्धं राहिलं, बिट उलटला, या अपघातांसाठी ते उत्तम आहे. मुद्दाम बदललेली फाइल त्याला ओळखता येत नाही, कारण बदल करणारा नवं सीआरसी मोजून चिकटवतो. डीएफयू फाइलच्या शेवटी १६ बाइटांची शेपटी असते, तिच्यात उत्पादकाचा आणि यंत्राचा क्रमांक आणि सीआरसी असतं. तीही अपघातासाठीच. ती शेपटी यंत्राकडे जातसुद्धा नाही, संगणकच वाचतो.

हेडफोन अॅम्प्लिफायरवर कोण हल्ला करणार, असं तुला वाटेल. २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवलं की यूएसबी यंत्राचं फर्मवेअर बदललं तर तेच यंत्र स्वतःला कीबोर्ड म्हणून जाहीर करू शकतं आणि संगणकात हुकूम टाइप करू शकतं. तुझा अॅम्प्लिफायरही यूएसबीवरच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये तो रोज नव्या लॅपटॉपला लागणार.

एड२५५१९ या पद्धतीची डिजिटल सही ६४ बाइटांची, सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची. लहान मायक्रोकंट्रोलरलाही ती पडताळता येते. पण पडताळणी यंत्राच्या बूटलोडरमध्येच कर. ड्रायव्हरने केली तर उत्तम, वापरणाऱ्याला लवकर उत्तर मिळतं, पण ड्रायव्हर टाळून यंत्राशी बोलणं कोणालाही शक्य असतं, म्हणून शेवटचा शब्द यंत्राचा हवा. खासगी किल्ली कोडसोबत गिटमध्ये टाकू नकोस. सही केलेल्या जुन्या, दोष असलेल्या आवृत्तीवर परत जाण्याचं काय करायचं हे आत्ताच ठरव. मला विचारशील तर हेडरमध्ये ‘सुरक्षा क्रमांक’ असा वेगळा आकडा ठेव आणि फक्त गंभीर दोष दुरुस्त झाला तेव्हाच वाढव. प्रत्येक आवृत्तीला मागे फिरणं बंद केलंस तर नव्या आवृत्तीत आवाज बिघडल्यावर माणसाला जुनीकडे जाता येणार नाही. ऑडिओत ती गरज खरी असते.

प्रश्न : ताई, आमच्या दशावतार कंपनीचो साऊंड मी बघतंय. नवीन मिक्सर घेतलो हा. लॅपटॉप जोडलो काय ‘अपडेट उपलब्ध’ असा येता. जत्रांचो हंगाम चालू आसा, रोज नवो गाव, लायट खंयच्याय वेळाक जाता. अपडेट करूचा काय नको? आणि मधीच लायट गेली तर मिक्सर मेलो असा समजूचा?
— साऊंड ऑपरेटर, मालवण

उत्तर : जत्रेच्या गावात करू नका. प्रयोग चालू व्हायला तासभर असेल तरी नको. मिक्सर आज नीट चालतो आहे ना, मग त्या सूचनेला हंगाम संपेपर्यंत थांबू द्या. सूचनेसोबत काय बदललं ते लिहिलेलं असतं. त्यात तुम्हाला त्रास देणारा दोष दुरुस्त झाला असेल तरच हंगामाच्या मध्यात विचार करा, तोही प्रयोग नसलेल्या दिवशी, घरी.

करताना लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. मिक्सर वेगळ्या विजेवर चालत असेल तर त्याला यूपीएस द्या, जनरेटरवर अपडेट करू नका. केबल मिक्सरसोबत आलेली, छोटी, थेट लॅपटॉपला. मधे हब नको. खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट थर धरतो, तो आधी साफ करा. सैल पिनमुळे अर्ध्यावर तुटलेली अपडेटं या किनाऱ्यावर विजेमुळे तुटलेल्यांइतकीच असावीत असा माझा टेबलावरचा अनुभव आहे. अॅम्प्लिफायर बंद ठेवा. ब्राउझरसकट बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करा. मग सुरू करा आणि पट्टी पुढे सरकेना झाली तरी निदान दहा मिनिटं हात लावू नका.

मधेच वीज गेली तर मिक्सर मेला असं लगेच समजू नका. वीज आल्यावर पुन्हा जोडा. यंत्र चांगलं घडवलेलं असेल तर ते जुन्याच आवृत्तीत उठेल किंवा ‘अपडेट मोड’ मध्ये उठेल, आणि तेच अपडेट परत चालवता येईल. काही मिक्सरवर एखादं बटण दाबून धरत चालू केलं की हा मोड मिळतो, पुस्तिकेत बघून ठेवा. ती पुस्तिका पेटाऱ्यात ठेवा, घरी नको.

कुडाळच्या वाचकाने हे उत्तरही वाचावं, कारण हा माणूस तुमचं गिऱ्हाईक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्याच किनाऱ्यावरची काही गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ‘अपडेट चालू असताना वीज बंद करू नये’ असं पडद्यावर लिहिलं की जबाबदारी संपली, असं इथे म्हणता येत नाही. फ्लॅशमध्ये दोन कप्पे ठेवा. चालू फर्मवेअर एका कप्प्यात, नवं नेहमी दुसऱ्यात. जुनं घर न पाडता शेजारी नवं उभं करायचं, आणि राहायला जाता येईल अशी खात्री झाल्यावरच बिऱ्हाड हलवायचं. लिहून झालं, परत वाचून पाहिलं, सही जुळली, की मगच एक छोटी नोंद बदलायची: पुढच्या वेळी दुसऱ्या कप्प्यातून सुरू हो. ती नोंदसुद्धा दोन प्रतींत, क्रमांक आणि सीआरसीसकट ठेवा, कारण वीज ती लिहिताना जाऊ शकते. नवं फर्मवेअर उठून ड्रायव्हरशी बोललं आणि आवाजाचा मार्ग तयार झाला, तर त्याने स्वतः ‘मी ठीक आहे’ अशी खूण करायची. खूण झाली नाही आणि वॉचडॉगने, म्हणजे अडकलेल्या यंत्रावर लक्ष ठेवणाऱ्या टायमरने, यंत्र रिसेट केलं तर बूटलोडरने जुन्या कप्प्याकडे परतायचं. बूटलोडर मात्र कुठल्याच अपडेटने बदलू नये, त्याची फ्लॅश हार्डवेअरच्या कुलपाखाली ठेवा.

मोठी फ्लॅश घ्यावी लागेल, यंत्रामागे थोडे रुपये वाढतील. वाढू द्या. हंगामात रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा माणूस बिघडलेला मिक्सर घेऊन तुमच्याकडे येणार नाही, तो दुसऱ्याचा मिक्सर भाड्याने आणेल आणि परत तुमच्या दारात उभा राहणार नाही.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपचा मोठा भाऊ म्हणून नवा लॅपटॉप घेतला आणि लिनक्स टाकलं, तर स्पीकरमधून आवाजच येत नाही. दुकानदार म्हणतो फर्मवेअर नाही. म्हणजे आतलं फर्मवेअर उडालं का?
— निवृत्त शिक्षक, दापोली

उत्तर : सर, काही उडालेलं नाही, निश्चिंत राहा. फर्मवेअर दोन तऱ्हेचं असतं. एक यंत्राच्या फ्लॅशमध्ये कायमचं बसतं, वर ज्याची एवढी चर्चा झाली ते. दुसरं यंत्रात राहतच नाही. प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरच्या ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरातून घेतो आणि चिपच्या रॅममध्ये भरतो. आजच्या पुष्कळ इंटेल लॅपटॉपांतला ऑडिओ डीएसपी साऊंड ओपन फर्मवेअरवर चालतो. तो प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या फाइली अशाच रोज भरल्या जातात. तुमच्या लिनक्समध्ये त्या फाइलींचं पॅकेज आलेलं नसावं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘फर्मवेअर’ शब्द शोधा, कोणती फाइल सापडली नाही तिचं नाव तिथे असेल. तुमच्या वितरणाच्या पॅकेजांतून साऊंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. कुठल्या तरी संकेतस्थळावरून सुटी फाइल उतरवून त्या फोल्डरात टाकू नका.

या दुसऱ्या तऱ्हेत वीज गेली तरी काही बिघडत नाही, पुन्हा सुरू केलं की पुन्हा भरतं. म्हणून नवं यंत्र घडवताना जे रॅममध्ये भागेल ते रॅममध्येच ठेवावं असं माझं मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे चाचणीसाठी लॅब नाही, एक टेबल आणि दोन यंत्रं आहेत. अपडेटची चाचणी पुरेशी झाली असं कधी म्हणायचं?
— छोटे उत्पादक, देवगड

उत्तर : टेबल आणि दोन यंत्रं पुरतात. एका यंत्राची वीज रिलेमधून द्या आणि रिले दुसऱ्या छोट्या बोर्डाने चालवा. अपडेट सुरू झाल्यापासून ठरावीक वेळाने वीज तोडायची, परत द्यायची, यंत्र उठलं का आणि कोणत्या आवृत्तीत उठलं ते नोंदवायचं, मग तोडायची वेळ थोडी पुढे सरकवायची. असं पूर्ण अपडेटभर, रात्रभर, माणसाशिवाय चालू दे. शेवटच्या टप्प्यात, जिथे कप्प्याची नोंद बदलते, तिथे पावलं अगदी बारीक ठेवा, कारण दोष बहुतेक तिथेच सापडतो. चाचणीत फ्लॅश झिजते हेही ध्यानात असू द्या. मायक्रोकंट्रोलरमधली फ्लॅश बरेचदा १०,००० वेळा पुसण्याइतकी दिलेली असते, म्हणून चाचणीचं यंत्र विकायला काढू नका.

मग वाईट फाइली द्या: रिकामी, एका बाइटची, अर्धी कापलेली, मर्यादेपेक्षा मोठी, दुसऱ्या मॉडेलची, सहीतला एक बिट उलटलेली. प्रत्येकीला फ्लॅशला हात न लावता नकार मिळायला हवा आणि यंत्र लगेच वाजायला हवं. गाणं चालू असताना अपडेट सुरू करा, अपडेट चालू असताना गाणं लावा. लॅपटॉपचं झाकण बंद करा. केबल उपटा. दोन खिडक्यांतून एकदम सुरू करा. हे सगळं कॅसान चालू केलेल्या कर्नलवर करा, म्हणजे मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला तर लॉगमध्ये लगेच दिसेल. केबल उपटल्यावर होणारे ड्रायव्हरचे दोष साध्या कर्नलवर कित्येकदा दिसतच नाहीत.

पुरेसं कधी, तर यांपैकी कुठल्याही वाटेने गेलात तरी यंत्र केवळ केबल आणि लॅपटॉप वापरून परत उभं करता आलं तेव्हा. एकदा जरी खोका उघडून प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लावावा लागला, तरी विक्री थांबवा आणि तो प्रसंग पुन्हा घडवून कारण शोधा. तोवर मालवणच्या त्या ऑपरेटरसारख्या माणसाच्या हातात ते यंत्र देऊ नका.